मी सांगितलेलं भुयार

एसटीत मी कंडक्टर होतो. पाथरी-परभणी, पाथरी-सेलू-देवगाव फाटा, याच रस्त्यांवर नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर गावी आलो. आमचं गाव गोदावरीच्या काठावर, पाथरीहून जीपनं अर्ध्या तासावर. गावात बघण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे नदीला खेटून उभी असलेली गढी. तिचे चार बुरूज, दोन पुरुष उंचीपर्यंत काळा दगड, त्याच्यावर पांढऱ्या मातीचं बांधकाम. दरवाजा गावाकडे नाही, नदीकडे आहे. कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेली कमळं आणि वर फारसी अक्षरांच्या दोन ओळी.

लहानपणापासून आम्ही तिथं शेळ्या चारल्या, आट्यापाट्या खेळलो. ती कुणी पैसे खर्च करून बघायला येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण पोखर्णीच्या नृसिंहाचं दर्शन करून पाथरीला येणारे भाविक जीपवाल्यांना विचारायचे, अजून इकडं काय बघायला हाय? माझ्या ओळखीच्या एका जीपवाल्यानं एकदा एक कुटुंब थेट माझ्या दारात आणून उभं केलं.

"काका, ह्यांना गढी दाखवा की," तो म्हणाला. "तुमाला बोलायची सवय हाय."

सवय होतीच. गर्दीत आवाज कुठपर्यंत पोचवायचा हे मला ठाऊक होतं. मी त्यांना गढी दाखवली. पुढच्या रविवारी तो दुसरं कुटुंब घेऊन आला, आणि असं ते सुरू झालं.

गढीचा खरा इतिहास मला सांगितला तो पाथरीच्या एका गुरुजींनी. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. फारसी वाचता येणारा त्यांच्याशिवाय दुसरा माणूस मला माहीत नाही. आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर यायचे, दरवाज्याखाली घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि वरच्या त्या दोन ओळी वहीत उतरवायचे. ओळी झिजलेल्या होत्या. साल तर पार पुसून गेलेलं.

"किल्ला-बिल्ला काही नाही हा," गुरुजी म्हणाले होते. "निजामशाहीच्या वक्ताची, चार-पाचशे वर्षांपूर्वीची इमारत वाटते. महसुलाचं अनाज इथं जमा व्हायचं आणि इथून नावेनं खाली जायचं. कोठार समजा."

"लढाई?"

"कुणी कुणाला चापटसुद्धा मारल्याचं लिहिलेलं नाही."

मी लोकांना तेच सांगायचो. अंगणातली पेवं दाखवायचो, म्हणजे जमिनीतली धान्य साठवायची खोल तळघरं. लोक माना डोलवायचे. मग कुणीतरी विचारायचं, लढाई झाली का इथं? नाही म्हटलं की चेहरे उतरायचे. दरवाज्यात उभं राहून फोटो काढायचे आणि जीपमध्ये बसायचे. वीस मिनिटांत सगळं आटपायचं. मला ते लागायचं. आपल्या गावाला बघून कुणी जांभई द्यावी हे बरं वाटत नाही.

अंगणाच्या एका कोपऱ्यात जमिनीत उतरणारी दगडी पायऱ्यांची वाट आहे. गावात तिला भुयार म्हणतात. एका रविवारी नांदेडकडच्या एका बाईंनी आत वाकून विचारलं, "हे कुठं निघतं हो?"

"नदीच्या पलीकडं," मी म्हणालो.

का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. तोंडातून निघून गेलं. पण म्हटल्याबरोबर जीपकडे निघालेली माणसं परत फिरली, जवळ आली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मी थांबलो नाही. किल्लेदाराला एक मुलगी होती, तिला मनाविरुद्ध म्हाताऱ्या सरदाराला देणार होते, आणि लग्नाच्या दिवशी, वरात दारात असताना, ती या भुयारात उतरली आणि नदीखालून पलीकडच्या काठाला निघाली. शोधायला घोडेस्वार सुटले, पण ती कुणाच्या हाती लागली नाही.

दर रविवारी त्या गोष्टीत भर पडत गेली. तिची दासी आली, आंधळा नावाडी आला. कुणीतरी माझं बोलणं मोबाइलवर उतरवलं आणि ते फिरत फिरत लांब गेलं. आता रविवारी पाच-सहा जीपा येऊ लागल्या. गावात चहाची दोन दुकानं झाली.

गुरुजींच्या कानावर ते गेलंच.

"ही शहजादी कुठून आणली तुमी?" त्यांनी विचारलं.

"लोकांना आवडतं, गुरुजी. कुणाचं काय बिघडतंय?"

ते वहीत बघत राहिले. "मी तीन वर्षं दोन ओळींपाशी बसलोय," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी गोष्ट सांगायला लागलो की ते उठून नदीकडे जायचे.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. भाद्रपदातला रविवार होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. सकाळी गावाच्या ग्रुपवर निरोप आला होता की वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडणार आहेत, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. मी तो वाचला. पाणी इथवर यायला संध्याकाळ होईल असा माझ्या मनानं हिशेब केला आणि मोबाइल खिशात टाकला. दुपारी दोन जीपा आल्या तेव्हा त्यांना परत पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही.

त्यांत लातूरकडच्या दोघी बहिणी होत्या, दोघींची साठी उलटलेली. धाकटी बोलकी, प्रत्येक दगडापाशी फोटो काढायला लावणारी. थोरलीला ती आक्का म्हणत होती. आक्का बुटक्या, बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. बोलत नव्हत्या. पण मी भुयाराच्या तोंडाशी गोष्ट सांगायला लागलो तेव्हा त्या सगळ्यांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. माझं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, ती सुटली ती सुटलीच. त्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग पुढं?"

"पुढं काय, राहिली सुखानं," मी म्हणालो. लोक हसले. आक्का हसल्या नाहीत.

दहा पायऱ्यांच्या खाली मी कुणाला उतरू देत नसे. त्या दिवशीही दिलं नाही. सगळ्यांना घेऊन नदीकडच्या बुरुजावर गेलो. नदीचा रंग बदललेला होता. मधल्या बेटावरच्या बाभळी सकाळी बुंध्यापर्यंत दिसत होत्या, आता नुसते शेंडे वर होते. फेस वाहत येत होता, त्याच्याबरोबर कडब्याच्या पेंढ्या. माझा हिशेब साफ चुकला होता.

"चला, खाली चला," मी म्हणालो. "गाड्यांत बसा."

माझ्या आवाजानं कुणी काही विचारलं नाही. दरवाज्यात गुरुजी त्यांची खुर्ची मिटत होते. मी कमानीत उभा राहून बाहेर पडणारी डोकी मोजली. मुद्दाम नव्हे, कंडक्टरची ती जन्माची खोड. येताना अठरा होती. आता सतरा भरली. पुन्हा मोजली. सतराच.

जीपमधून धाकटीचा आवाज आला. "आक्का कुठं हाय?"

आधी वाटलं, गढीशेजारच्या मारुतीच्या देवळात गेल्या असतील. जीपवाला पळत जाऊन बघून आला, तिथं कुणी नव्हतं. धाकटीनं फोन लावला, लागेना. बुरुजावरून उतरताना त्या मागे होत्या, एवढंच तिला आठवत होतं. मी अंगणात धावलो. भुयाराच्या तोंडाशी दोन चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या, देवळात जाताना माणूस बाहेर काढून ठेवतो तशा.

मी आत तोंड घालून हाका मारल्या. माझाच आवाज परत आला, आणि त्याच्यामागून पाण्याचा आवाज.

पायरीवर पाय टाकणार तोच गुरुजींनी माझा दंड धरला. सत्तरीतल्या माणसाच्या हाताला इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"थांबा. दोरी."

जीपवाल्यानं टपावरची सामान बांधायची दोरी सोडून आणली आणि माझ्या कमरेला बांधली. गुरुजी माझ्या कानाशी बोलत होते, शाळेत गणित सांगावं तसं, न अडखळता. "बत्तीस पायऱ्या हायेत. मग सरळ वाट. मग डावीकडं वळण. वळणानंतर कमरेच्याही वर येईल असा ओटा हाय, आणि त्याच्या पुढं नदीकडची कमान. कमानीला लोखंडी जाळी हाय. तिथून बाहेर पडता येत नाही. ध्यानात ठेवा."

हे सगळं त्यांनी कधी मोजलं होतं, मला माहीत नव्हतं. मी वर्षभर लोकांना भुयार सांगत होतो आणि दहा पायऱ्यांच्या खाली स्वतः कधी उतरलो नव्हतो.

विसाव्या पायरीवर वाघळांचा वास नाकात भरला. अठ्ठाविसाव्या पायरीला पाणी लागलं. खाली उतरलो तेव्हा ते मांडीपर्यंत होतं, गार आणि गढूळ. मोबाइलचा उजेड डोक्यावर धरून मी चालायला लागलो. पाण्याला ओढ नव्हती, ते नुसतं वर चढत होतं. प्रत्येक पावलाला कळत होतं. वळणापाशी पोचलो तोवर ते कमरेला आलं होतं.

वळलो आणि समोर उजेड दिसला.

आक्का ओट्यावर गुडघे टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे पाठ. बाजूच्या भिंतीत एक कोनाडा आहे, कधीतरी कुणी धन शोधायला उकरलेला. मोबाइल बाजूला ठेवून त्या कोनाड्यातले दगड एकेक करून काढत होत्या. पलीकडे जाळीतून नदी आत येत होती.

"आक्का," मी म्हणालो. "चला."

त्यांनी वळूनही बघितलं नाही. "हितून पुढं वाट दिसंना," त्या म्हणाल्या. "दगडं पडलेत. हटवले की निघंल."

"पाणी वाढायलंय, आक्का."

"म्हणून तर. मागं पाणी हाय. पुढून पलीकडं निघू आपण. तुमीच म्हणलात की."

त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. मी ओट्याच्या कडेला धरून उभा होतो. पाणी पोटावर आलं होतं. आणि अशा वेळीही, हे लिहायला मला जड जातंय, मी आधी खोटंच बोललो.

"ती वाट बुजलीय," मी म्हणालो. "लय वर्षं झाली. ढासळलीय."

"बुजली म्हंजे हाय की," त्या म्हणाल्या आणि पुढचा दगड ओढला. त्यांच्या बोटांना रक्त आलेलं मला दिसलं. "दोघं मिळून हटवू."

मी त्यांना उचलून नेऊ शकलो असतो का? कोण जाणे. झटापट झाली असती तर दोघंही पाण्यात पडलो असतो. मला तेव्हा एकच कळलं, की माझी गोष्ट खरी आहे असं वाटतंय तोवर ही बाई इथून हलणार नाही.

"आक्का, वाट न्हाईच," मी म्हणालो. "कधीच नव्हती. ती पोरगी पण नव्हती. मी बनवून सांगितलं."

त्यांचा हात थांबला. त्या वळल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मोबाइलचा उजेड खालून त्यांच्या चेहऱ्यावर पडत होता.

"समदंच?"

"समदंच. हे कोठार हाय. हितून धान्य न्यायचे. पळून कुणी गेलं न्हाई."

"मग कशापायी सांगितलं?"

"लोक ऐकायला लागले म्हणून."

पाणी ओट्याच्या कडेवर चढलं आणि त्यांचा मोबाइल ओला झाला. त्यांनी तो उचलून पदराला पुसला. मग हातातला दगड खाली ठेवला आणि लहान मूल खाटेवरून उतरतं तशा पाठमोऱ्या होऊन पाण्यात उतरल्या. पाणी त्यांच्या गळ्याशी आलं. मी त्यांचे हात माझ्या खांद्यांवर घेतले.

"घट धरा. सोडू नका."

वळणापाशी आलो आणि कमरेला जोराचा हिसका बसला. वर उभ्या असलेल्यांना वाटलं असणार की मी संकटात आहे, ते दोरी ओढत होते. पण दोरी वळणाच्या दगडाला घासून अडकली होती आणि मला तिरकं भिंतीवर दाबत होती. मी ओरडलो. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही. गाठ सोडायला दोन्ही हात लागले आणि त्यात मोबाइल पाण्यात गेला. आक्कांचा आधीच विझला होता.

असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. गाठ भिजून आवळली होती. डोळ्यांना ती दिसत नव्हती, बोटांना नुसती लागत होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. आक्कांचा श्वास माझ्या मानेवर पडत होता. गाठ सुटली. दोरी सळकन निघून गेली, आणि मग मला कळेना की कुठली बाजू पुढची आणि कुठली मागची.

मी भिंत चाचपली. दगड खरखरीत होता, टाकीचे घाव जागोजाग लागत होते. पण खांद्याच्या उंचीवर हात गेला तेव्हा तळव्याला काहीतरी वेगळं लागलं. तिथं दगड गुळगुळीत होता, परातीसारखा. वीतभर रुंदीचा पट्टा भिंतीनं पुढे पुढे जात होता. मी त्या पट्ट्यावर हात ठेवला आणि तो नेईल तिकडे चाललो. पट्टा वळला तसा मी वळलो. नशिबानं बाजू बरोबर निघाली. पायाला पायरी लागली आणि वर राखाडी उजेड दिसला.

बाहेर आलो तेव्हा धाकटी भुयाराच्या तोंडाशी जमिनीवर बसली होती. तिनं आक्कांना ओढून घेतलं, पाठीत गुद्दे घातले आणि मग गळ्यात पडून रडली. गुरुजींनी आपला मोठा रुमाल आक्कांच्या अंगावर टाकला. जीपवाला दोरी गुंडाळत होता.

नदी आता खालच्या घाटाच्या वर आली होती. जीपमध्ये बसायच्या आधी आक्का माझ्यापाशी आल्या. कपडे निथळत होते, चपला हातात होत्या.

"मला चौदाव्या वर्षी दिलं," त्या म्हणाल्या. "दोनदा पळून माहेरला आले. दोनदा बापानं परत नेऊन घातलं. कुणीतरी एक गेली निघून, म्हणून बघायला गेले."

"माझं चुकलं, आक्का."

"पोरगी चांगली केली होती तुमी," त्या म्हणाल्या. "पण हाय म्हणून सांगू नका."

जीपा गेल्या. मी आणि गुरुजी कमानीत उभे राहिलो. संध्याकाळपर्यंत भुयार वीस पायऱ्या भरलं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना भिंतीवरच्या गुळगुळीत पट्ट्याचं सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोती. हमालांच्या खांद्यावरची पोती घासून घासून दगड झिजला असेल. पावसात अनाज भिजू नये म्हणून ही झाकलेली वाट. अंगणातून सरळ नावेपर्यंत." त्यांनी डोळे मिटले. "किती माणसं गेली असतील, विचार करा."

पूर उतरल्यावर आम्ही दोघं कंदील घेऊन आत गेलो. पट्टा एकाच भिंतीवर होता. भरलेला खांदा एका अंगाला, रिकाम्या हातानं परत येणारे दुसऱ्या अंगानं. गुरुजींनी दगडाला खांदा लावून बघितला. दोन बोटं कमी पडला. ते हमाल त्यांच्याहून उंच होते.

ग्रामपंचायतीच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं, निरोप वाचूनही जीपा थांबवल्या नाहीत हेही. काहींनी मान खाली घातली. चहावाल्यांपैकी एकजण म्हणाला, झालं ते झालं, गोष्ट बंद कशाला करायची? भुयाराला लोखंडी दार बसलं. नदीचा निरोप आला की गढी बंद, हे ठरलं. धाकटीनं जीपवाल्याला फोन करून कळवलं की आक्कांना चार दिवस ताप होता, आता बऱ्या आहेत. माझ्यासाठी काही निरोप नव्हता. मी विचारलाही नाही.

गर्दी ओसरली. रविवारी एक जीप येते, कधी तीही नाही. जीपवाला अजून कुरकुरतो, "काका, थोडं तरी सांगत जा की." व्हिडिओ बघून आलेले लोक राजकन्येचं विचारतात. ती मी रचली होती असं सांगितलं की काही हसतात, काही चिडतात. एका गृहस्थांनी तर मला ऐकवलं की त्यांच्याकडे पुरावा आहे.

मी आता त्यांना पहिल्या दहा पायऱ्यांवर नेतो आणि त्यांचा हात त्या पट्ट्यावर ठेवायला लावतो. सगळ्यांना त्याचं काही वाटतं असं नाही. मागच्या हिवाळ्यात वास्तुकला शिकवणाऱ्या एक बाई विद्यार्थ्यांना घेऊन आल्या आणि दिवसभर मापं घेत बसल्या. जाताना म्हणाल्या की आपली गढी उभी राहिली त्याच सुमाराला फ्रान्समधले राजे नदीकाठाला आपले महाल बांधत होते. त्यांनी असा एक पाहिलेला. पुलासारखा पाण्यावर उभा, आत जायला लांब रांग. "तिथं राजाची खाट दाखवतात," त्या म्हणाल्या. "ओझं वाहणाऱ्यांचं काही कुठं दिसलं नाही." हे ऐकून गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्या पोरांना चहा पाजला.

दरवाज्यापाशी लावायला आम्ही एक फलक लिहितोय. काम अडलंय ते दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर. गुरुजींना तो कधी 'नाव', म्हणजे होडी, वाटतो, कधी 'घाट'. परवा उन्हात ते शिडीवर चढले होते, भिंग डोळ्याला लावून, आणि मी खाली शिडी धरून उभा होतो. तासाभरानं ते उतरले, घाम पुसला आणि म्हणाले की अजून ठरत नाही.

"मग काय लिहायचं?" मी विचारलं.

"लिहा, एक शब्द वाचता आला नाही."

मी तसंच लिहून घेतलं.